विश्लेषण : सुपर बाउल जिंकणाऱ्या संघातील ‘चिल्लर’ला सहा महिन्यांत बाहेर का पडावे लागले? अमेरिकन फुटबॉलमधील बचावपटूची कारकीर्द किती वर्षांची?

पोहरादेवी (ता. मानोरा) : ६ फेब्रुवारी २०११ च्या रात्री टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे ग्रीन बे पॅकर्सने पिट्सबर्ग स्टीलर्सचा ३१-२५ असा पराभव करून सुपर बाउल जिंकला. मैदानात एक लाख तीन हजारांहून अधिक प्रेक्षक होते. रामनवमीला पोहरादेवीची गर्दी पाहिलेल्यांना हा आकडा फार मोठा वाटणार नाही, पण अमेरिकेत वर्षातला तो सर्वांत मोठा सामना असतो. विजेत्या पॅकर्सच्या बचावफळीतील एका खेळाडूचे नाव होते ब्रँडन चिल्लर. वडिलांकडून भारतीय वंशाचा, कॅलिफोर्नियात वाढलेला, सात हंगाम खेळलेला लाइनबॅकर. त्या रात्री मात्र तो खेळणाऱ्यांत नव्हता. दुखापतग्रस्तांच्या यादीत होता. जुलै संपण्याआधी संघाने त्याला मोकळे केले. वय २८.

आपल्याकडे हे आडनाव वाचून हसू येईल. कबड्डी पाहणाऱ्यांना मात्र मनजीत छिल्लर आठवेल. दिल्लीजवळच्या निजामपूरचा हा खेळाडू २०१६ मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार होता आणि प्रो कबड्डीतील सर्वांत यशस्वी पकडपटूंमध्ये त्याची गणना होते. समोरून वेगाने येणाऱ्याला अडवायचे, धरायचे, खाली आणायचे, हे एकच काम दोघांनीही पोटापाण्यासाठी केले. मानोरा, दिग्रस, कारंजा या पट्ट्यात अमेरिकन फुटबॉल कोणी खेळत नाही. पण कोपरा धरणारी मुले गावोगावी आहेत, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर धावणारी त्याहून जास्त. अंगातल्या बळावर आयुष्य उभे करायचे असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना या परक्या खेळातील हिशेब ओळखीचा वाटेल.

लाइनबॅकर नेमके काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा वापर कमीच. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. मैदान १०० यार्ड लांबीचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण. हल्ला करणारे वेगळे, बचाव करणारे वेगळे. चेंडूचा ताबा बदलला की एक फळी बाहेर आणि दुसरी आत. त्यामुळे चिल्लरसारखा खेळाडू सात वर्षांत चेंडू घेऊन फारसा धावत नाही. त्याचे काम इतरांना धावू न देण्याचे.

बचावाच्या तीन रांगा असतात. सर्वांत पुढे दीडशे किलोच्या आसपास वजनाचे पहाडासारखे गडी. सर्वांत मागे चपळ, हलके, झेल अडवणारे. मधली रांग लाइनबॅकरची, आणि कामाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच. चेंडू घेऊन कोणी धावत आला तर त्याला समोरून अडवायचे. चेंडू हवेत फेकला जाणार असेल तर मागे पळत जाऊन झेल घेणाऱ्याला चिकटायचे. कधी कधी थेट चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करायची. यातले काय करायचे हे चेंडू हलल्यानंतर क्षणार्धात ठरवावे लागते. कबड्डीत मध्यरक्षकाला चढाईपटूच्या पहिल्या पावलावरून त्याचा डाव ओळखावा लागतो, तसाच हा प्रकार. फरक वेगाचा आणि अंतराचा आहे. कबड्डीत दोघांमध्ये हातभर जागा असते. इथे दोन्ही बाजूंनी दहा-बारा पावलांची धाव घेऊन शंभर-शंभर किलोची शरीरे एकमेकांवर आदळतात.

‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये घड्याळ लावून मोजले, तेव्हा तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ जेमतेम ११ मिनिटे भरला. बाकी वेळ रचना, चर्चा, पंच आणि जाहिराती. हा आकडा ऐकून खेळ आळशी वाटू शकतो. पण ती ११ मिनिटे बहुतेक टकरींचीच असतात.

चिल्लर तिथपर्यंत पोहोचला कसा?

चिल्लर कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅडच्या शाळेतून लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’ या विद्यापीठात गेला. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू घडवण्याचे काम क्लब नव्हे, विद्यापीठे करतात. वर्षातून एकदा सर्व व्यावसायिक संघ मिळून विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मुलांची निवड करतात. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळते. लिलावाप्रमाणे बोली लागत नाही. खेळाडूला संघ निवडता येत नाही, संघ खेळाडूला निवडतो.

२००४ च्या ड्राफ्टमध्ये २५५ जण निवडले गेले. पहिला क्रमांक क्वार्टरबॅक इलाय मॅनिंगचा होता. चिल्लरला सेंट लुइस रॅम्सने चौथ्या फेरीत १३० व्या क्रमांकावर घेतले. पहिल्या फेरीतल्या मुलांकडे संघ वर्षानुवर्षे धीराने पाहतो, कारण त्यांच्यावर मोठी रक्कम लावलेली असते. चौथ्या फेरीतल्याला दरवर्षी जागा नव्याने कमवावी लागते. संघात ५३ जागा असतात आणि उन्हाळ्यातील सराव शिबिराला त्याहून कितीतरी जास्त मुले येतात. चिल्लरने रॅम्समध्ये चार हंगाम ही जागा राखली. २००८ मध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला.

२००९ मध्ये पॅकर्सने बचावाची जबाबदारी डॉम केपर्स या प्रशिक्षकाकडे दिली. त्यांनी पुढच्या रांगेत तीनच खेळाडू ठेवून लाइनबॅकर चार केले. मधल्या फळीला अचानक किंमत आली. चिल्लरची खासियत मागे पळत जाऊन झेल घेणाऱ्याला अडवण्याची, त्यामुळे चेंडू फेकला जाण्याची शक्यता असेल तेव्हा त्याला हमखास आत पाठवले जाई. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये संघाने त्याच्याशी अनेक वर्षांचा वाढीव करार केला. १३० व्या क्रमांकाच्या मुलासाठी ही मोठी मजल होती.

मग दुखापत झाली. २०१० चा हंगाम पॅकर्ससाठी विचित्रच होता. डझनाहून अधिक खेळाडू हंगामभरासाठी दुखापतीच्या यादीत गेले. त्यात चिल्लर होता आणि त्याच्याच फळीतील निक बार्नेटही. बार्नेटच्या जागी डेस्मंड बिशप हा राखीव खेळाडू आला. सुपर बाउलच्या शेवटच्या टप्प्यात स्टीलर्सच्या हातून चेंडू सुटला, तो बिशपनेच ताब्यात घेतला आणि सामना फिरला. या खेळात जागा अशाच भरतात. तुम्ही बरे होत असता, आणि तुमच्या जागेवरचा मुलगा आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण जगत असतो.

सामन्याआधीच्या आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला. संघाचे अधिकृत छायाचित्र मंगळवारी काढायचे ठरले होते आणि दुखापतग्रस्त खेळाडू त्यानंतर टेक्सासला पोहोचणार होते. म्हणजे ते छायाचित्रात नसणार. बार्नेट आणि जर्मायकल फिन्ली यांनी ट्विटरवर उघड नाराजी व्यक्त केली. बरीच चर्चा झाल्यावर पॅकर्सने छायाचित्राचा दिवस पुढे ढकलला. बाब छोटी, पण जखमी बचावपटूचे संघात नेमके स्थान काय, हे त्यातून जितके कळते तितके आकडेवारीतून कळत नाही.

करार अनेक वर्षांचा असताना सुटका कशी?

युरोपातील फुटबॉलमध्ये किंवा आपल्या आयपीएलमध्ये करार झाला की त्या मुदतीचा पैसा बहुतांशी पक्का समजला जातो. एनएफएलमध्ये तसे नाही. वर्तमानपत्रात कराराचा जो मोठा आकडा येतो, त्यातला हमीचा भाग वेगळा असतो. सही करताना मिळणारा बोनस हातात पडतो. पुढच्या वर्षांचा पगार बहुधा त्या वर्षी संघात असलात तरच मिळतो. प्रत्येक संघाला वर्षाला पगारावर किती खर्च करता येईल याची मर्यादा आहे, म्हणून दर उन्हाळ्यात संघ कात्री घेऊन बसतात. वय वाढलेले, दुखापतीतून उठलेले आणि पगार चढलेले खेळाडू तीत आधी सापडतात.

२०११ च्या मार्चपासून संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील वादामुळे टाळेबंदी होती. ती जुलैच्या अखेरीस उठली आणि काही दिवसांतच पॅकर्सने चिल्लरला मुक्त केले. बार्नेटलाही त्याच सुमारास सोडले. बार्नेटला बफेलोत नवा संघ मिळाला. चिल्लर त्यानंतर एनएफएलमध्ये खेळला नाही.

सात हंगाम कमी वाटतात का? खेळाडू संघटनेच्याच हिशेबानुसार एनएफएलमधील सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास आहे. त्या मापाने चिल्लर दुपटीहून जास्त टिकला. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला तीन मान्य हंगाम पूर्ण करावे लागतात. म्हणजे सरासरी खेळाडू त्या उंबरठ्याच्या अगदी जवळ असताना बाहेर पडतो. ही सरासरी योगायोगाने तिथे आली की हिशेबाने, याचा विचार ज्याने त्याने करावा.

करार लिहिणाऱ्यांच्या बाजूला मात्र एक मराठी नाव दीर्घकाळ आहे. पराग मराठे २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स या संघाच्या व्यवस्थापनात आले आणि पुढे अनेक वर्षे खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटी त्यांच्याकडे होत्या. बर्कली आणि स्टॅनफर्डमध्ये शिकलेले मराठे नंतर संघाच्या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख झाले. इंग्लंडमधील लीड्स युनायटेड हा क्लब २०२३ मध्ये या कंपनीने पूर्णपणे घेतला आणि मराठे त्याचे अध्यक्ष झाले. अमेरिकेच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. एनएफएलमध्ये मराठी माणूस आहे का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, फक्त तो हेल्मेट घालत नाही. कार्यालयातली कारकीर्द दोन दशके चालते, मैदानातली सव्वातीन वर्षे.

खरा धोका कोणता?

गुडघा, खांदा, मांडीचा स्नायू या दुखापती दिसतात, त्यांची शस्त्रक्रिया होते. न दिसणारी दुखापत डोक्याची. २०११ च्या त्या सुपर बाउलनंतर ११ दिवसांनी डेव्ह ड्यूअरसन यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी स्वतःचे आयुष्य संपवले. शिकागो बेअर्सच्या गाजलेल्या १९८५ च्या बचावफळीतील ते खेळाडू. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे त्यांनी कुटुंबीयांना कळवले होते. तपासणीत ‘सीटीई’ हा आजार आढळला. यातला चटका लावणारा भाग असा की माजी खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर ड्यूअरसन स्वतः काम करत होते. डोक्याच्या दुखापतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांच्या फायली त्यांच्या टेबलावर येत.

पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, ज्युनियर सियाऊ गेले, वयाच्या ४३ व्या वर्षी, तसेच. सॅन दिएगोचा हा लाइनबॅकर आपल्या पिढीतील सर्वोत्तमांपैकी एक, वीस हंगाम खेळलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्या मेंदूची तपासणी केली. निष्कर्ष तोच.

सीटीई म्हणजे काय? डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन विकृत स्वरूपात साठत जाते आणि पेशी मरू लागतात. विस्मरण, चिडचिड, नैराश्य, वागण्यातील बदल अशी लक्षणे बऱ्याचदा खेळ सोडल्यानंतर अनेक वर्षांनी दिसतात. निश्चित निदान अजून मृत्यूनंतरच होते. भोवळ आणणारा, शुद्ध हरपवणारा मोठा आघातच कारणीभूत असतो, हा समज चुकीचा आहे. ज्या टकरीनंतर खेळाडू उठून पुन्हा जागेवर जातो, अशा शेकडो लहान धक्क्यांची बेरीज जास्त घातक ठरते. लाइनबॅकरला तर दर दुसऱ्या-तिसऱ्या चालीत टक्कर असते.

बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये १११ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ११० मेंदूंत सीटीई आढळला. हा आकडा सांगताना एक खुलासा आवश्यक आहे. ज्यांना लक्षणे होती, त्यांच्याच कुटुंबांनी प्रामुख्याने मेंदू दान केले होते. त्यामुळे शंभरातील ९९ खेळाडूंना हा आजार होतो, असा अर्थ काढता येत नाही. पण धोका किरकोळ आहे, असे म्हणण्याची सोयही त्यानंतर उरली नाही.

हजारो माजी खेळाडूंनी एनएफएलविरुद्ध दावे केले. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. न्यायालयाला ती रक्कम अपुरी वाटली, तेव्हा भरपाईची कमाल मर्यादाच काढून टाकावी लागली आणि २०१५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. दरम्यान नियमही बदलत गेले. पूर्ण पॅड घालून टकरीचे सराव हंगामात १४ वर आणले गेले. २०१८ पासून डोके खाली घालून धडक देणे हा दंडनीय अपराध ठरला. २०२२ पासून सराव शिबिरात लाइनबॅकरसह काही जागांवरील खेळाडूंना हेल्मेटवर मऊ आवरण घालणे बंधनकारक झाले.

काहींनी नियमांची वाट पाहिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर ख्रिस बोरलँड पहिला हंगाम दणक्यात खेळला आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, निवृत्त झाला. त्याला कोणताही मोठा आजार नव्हता. संशोधन वाचले, जुन्या खेळाडूंशी बोलला आणि थांबला. सहीच्या बोनसचा मोठा भाग परत करण्याची तयारीही त्याने दाखवली. त्याच महिन्यात त्याच संघाचा दिग्गज लाइनबॅकर पॅट्रिक विलिस पायाच्या दुखापतींना कंटाळून तिसाव्या वर्षी बाहेर पडला. ज्या जागेसाठी हजारो मुले झगडतात, तीच जागा एका संघातून दोघांनी एका महिन्यात सोडली.

पुण्या-मुंबईचे संघ आले होते, त्यांचे काय झाले?

पॅकर्समधून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच चिल्लरचे नाव एका भारतीय बातमीत आले. ऑगस्ट २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. पाठीराख्यांत प्रशिक्षक माइक डिटका, माजी क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, अभिनेता मार्क वॉलबर्ग यांच्यासोबत चिल्लर होता. आठ संघांत महाराष्ट्राचे दोन : मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज. रग्बी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्समधून मुले गोळा केली गेली. त्यातल्या बहुतेकांनी तो लांबट चेंडू त्याआधी हातातही घेतला नव्हता. पहिल्या हंगामाचे सामने २०१२ मध्ये कोलंबोच्या सुगतदास मैदानावर खेळवून चित्रित केले गेले आणि नंतर दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. अंतिम सामन्यात पुण्याने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असे हरवले. एवढ्या कमी गुणांचा अंतिम सामना म्हणजे बचावफळ्यांनी दिवस गाजवला असणार.

त्यानंतर ही लीग घराघरांत पोहोचली नाही. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. एका खेळाडूचे हेल्मेट आणि खांद्याचे पॅड यांचा खर्च एका कबड्डी संघाच्या वर्षभराच्या खर्चाशी स्पर्धा करतो. तालुक्याच्या ठिकाणी धड आखलेले मैदान नसते, तिथे शंभर यार्डांचे गवती मैदान कोण देणार? आणि मुख्य अडचण शाळांची. अमेरिकेत शाळा आणि विद्यापीठांतून दरवर्षी खेळाडूंचा लोंढा येतो, वरची लीग त्यावर उभी असते. इथे आधी वरची लीग उभारली आणि खाली शाळाच नव्हत्या.

कबड्डीचा प्रवास उलट दिशेने झाला. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, पण त्याआधी कित्येक दशके गावचे संघ, जिल्हा संघटना आणि रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्यांतील नोकऱ्या यांवर खेळ जगला होता. राज्यातील शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आपल्याकडचा बचावपटू गुडघा गेल्यावर निदान हजेरीपटावर तरी राहतो. पैसा एनएफएलच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मुदत साठाव्या वर्षाच्या जवळपास जाते. ज्याच्याकडे नोकरीही नाही आणि लीगचा करारही नाही, असा स्थानिक स्पर्धांत बक्षिसाच्या रकमेवर खेळणारा मुलगा मात्र दोन्हीकडून सुटतो. त्याचा गुडघा गेला तर त्याचा खर्च घरच्यांवर येतो, आणि अशी मुले आपल्या भागात कमी नाहीत.

टकरीशिवायचा फुटबॉल

या खेळाचे दुसरे रूप आता पुढे येत आहे आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईत झाले. १६ ऑक्टोबरला तिथे लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. आपल्याकडे साहजिकच क्रिकेटच्या बातम्या झाल्या. त्याच ठरावात ‘फ्लॅग फुटबॉल’ही होता. यात पाच-पाच खेळाडू असतात, हेल्मेट नाही, पॅड नाही. कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या लटकवलेल्या असतात. बचावपटूने समोरच्याला पाडायचे नाही, त्याची पट्टी खेचून काढायची. धाव तिथेच थांबते. महिला आणि पुरुष दोन्ही गटांत स्पर्धा आहे. मे २०२५ मध्ये एनएफएलच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना त्यात भाग घेण्याची मुभा दिली.

पट्टी खेचायला वजन लागत नाही. लागते ते अंतराचे भान, कंबर कुठे वळते आहे यावर नजर आणि झटक्यात पुढे जाणारा हात. चढाईपटू वळण्याच्या क्षणी त्याचा घोटा पकडणाऱ्या कोपरारक्षकाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. साहित्याचा खर्च म्हणाल तर एक चेंडू आणि पट्ट्या.

लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन १४ जुलै २०२८ रोजी आहे. खेळाडूंचा मुक्काम ‘यूसीएलए’च्या आवारात असेल. चिल्लर टॅकल शिकला ते हेच विद्यापीठ.